तान्ह्या बाळाच्या मनावर उपचार कसे होतात? आणि त्यासाठी थेरपिस्टना अभ्यासगट का लागतो?

समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर लहान मुलांचं थेरपी सेंटर आहे. सात महिन्यांचं बाळ घेऊन आई आणि आजी आल्या आहेत. बाळ नीट पीत नाही, रात्रभर किरकिरतं, वजनही वाढत नाही. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. थेरपिस्ट प्रश्न आईला विचारते आणि उत्तरं आजी देतात. आई बाळाकडे न बघता पिशवीतल्या दुपट्याची घडी घालत राहते. तासाभरानं तिघं निघून जातात. थेरपिस्टला मात्र दिवसभर त्या आजींचा राग येत राहतो.

हा राग घेऊन तिनं जायचं कुठे? पुस्तकात याचं उत्तर नाही आणि घरी बोलायचं तर गोपनीयतेचा प्रश्न. अशा वेळी उपयोगी पडतो तो अभ्यासगट. इथे अभ्यासगट म्हणजे परीक्षेची तयारी नव्हे. बाळं आणि त्यांचे पालक यांच्यासोबत काम करणारे पाच-सात जण ठरावीक दिवशी भेटतात, एकेकाचं काम सगळ्यांसमोर मांडतात आणि त्यावर शांतपणे विचार करतात.

बोलताही न येणाऱ्या बाळाला कसलं आलंय मानसिक आरोग्य?

या क्षेत्राला शिशु मानसिक आरोग्य म्हणतात. साधारण जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा काळ त्यात येतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचं म्हणणं असं होतं की, एकटं बाळ अशी गोष्टच नसते. बाळ असतं तिथे त्याला सांभाळणारं कुणीतरी असतंच. त्यामुळे बघायचं ते दोघांना मिळून.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. काही महिन्यांचं बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडू लागतं.

हे वाचून कुठल्याही आईला धास्ती वाटेल, म्हणून त्यांच्याच कामातली दुसरी गोष्ट लगेच सांगायला हवी. निरोगी जोड्यांमध्येही आई आणि बाळ यांचे सूर सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले असतात. बाकी वेळ सूर चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. महत्त्व आहे ते या पुन्हा जुळवण्याला.

उपचाराचा पाया घातला तो मिशिगनमधल्या समाजसेविका सेल्मा फ्रायबर्ग यांनी. १९७५ साली सहकाऱ्यांसोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी एका आईची हकिकत मांडली. तिची साडेपाच महिन्यांची मुलगी आकांत करायची, पण आईपर्यंत ते रडणं जणू पोहोचतच नव्हतं. त्या आईचं स्वतःचं बालपण अतिशय हालाखीत गेलं होतं. तिचं दुःख कुणीतरी ऐकून घेतल्यानंतर ती बाळाला जवळ घेऊ लागली. फ्रायबर्ग यांची टीम घरी जाऊन काम करायची, त्यामुळे या पद्धतीला स्वयंपाकघरातली थेरपी असंही गमतीनं म्हटलं गेलं. नातं हाच इथे रुग्ण आणि नातं हेच औषध.

मग गट कशासाठी?

नात्यावर काम करणारा माणूस स्वतः त्या नात्याच्या बाहेर उभा राहू शकत नाही, म्हणून. बाळाचं रडणं थेरपिस्टच्याही अंगात शिरतं. कुणाला आईची कीव येते, कुणाला बाळ उचलून घरी न्यावंसं वाटतं, कुणाला सासूशी भांडावंसं वाटतं.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एस्थर बिक यांनी १९४८ साली एक शिक्षणपद्धत सुरू केली. शिकणारी व्यक्ती एका सामान्य कुटुंबात आठवड्यातून एकदा तासभर जाते आणि बाळाकडे नुसतं बघते. सल्ला द्यायचा नाही, तिथे बसून टिपणं काढायची नाहीत. घरी आल्यावर आठवेल तसं लिहायचं आणि छोट्या गटात वाचून दाखवायचं. हे बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत चालतं. त्याच संस्थेत १९५०च्या दशकात मायकल बॅलिंट यांनी फॅमिली डॉक्टरांचे गट चालवले. तिथे चर्चा औषधांपेक्षा डॉक्टर आणि पेशंट यांच्यात काय घडतंय याची असे. आजचे बहुतेक अभ्यासगट या दोन परंपरांचे वारसदार आहेत.

गटात नेमकं काय होतं? सुरुवातीच्या उदाहरणातली थेरपिस्ट आपलं टिपण वाचते. कुणी लगेच उपाय सुचवत नाही. उपाय सुचवण्याची घाई आवरणं हाच नव्या सदस्यांसाठी सगळ्यात अवघड भाग असतो. मग कुणीतरी विचारतं, आजी बोलत होत्या तेव्हा बाळ कुणाकडे बघत होतं? तिला आठवत नाही. तासभर तिनं बाळाकडे बघितलंच नव्हतं, कारण ती आजींवर चिडली होती. म्हणजे आई जे करत होती, नेमकं तेच थेरपिस्टनंही केलं होतं. एकटीनं विचार करून हे तिच्या लक्षात येणं जवळपास अशक्य होतं.

आपल्याकडे याची गरज किती?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. गोव्यात म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या महिलांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के महिलांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण ही त्यामागची कारणं होतीच, शिवाय मुलगा हवा असताना मुलगी झाली, हेही होतं. पुढे याच कामातून आईचं नैराश्य आणि बाळाची खुंटलेली वाढ यांचा संबंधही दिसला. वजन न वाढणाऱ्या बाळाची फाइल कधीकधी आईची असते, ती अशी.

गोव्यातल्याच 'संगत' या संस्थेनं गटाच्या पद्धतीचाही उपयोग करून बघितला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी आपल्या सत्रांचं रेकॉर्डिंग एकत्र ऐकलं आणि एकमेकांना गुण दिले. ही सत्रं प्रौढांच्या नैराश्याची आणि व्यसनाची होती, बाळांची नव्हती. पण समवयस्कांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. नंतर याच संस्थेनं गरोदर आणि बाळंत महिलांसाठी वस्तीतल्याच बायकांना 'सखी' म्हणून तयार केलं. जिथे तज्ज्ञ मोजके आहेत, तिथे ही मोठी बातमी आहे.

महाराष्ट्रात बाळाच्या घरात सर्वाधिक जाते ती आशा सेविका. दवाखान्यात बाळंतपण झालं तर पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, आणि २०१८ साली आलेल्या योजनेनुसार तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. वजन, स्तनपान, लसीकरण याची नोंद ती करते. घरात जे बघितलं त्याचा तिच्या मनावर काय भार पडला, हे बोलायला मात्र तिला निवांत जागा हवी. अभ्यासगटाची चर्चा पदवीधर थेरपिस्टपुरती ठेवली तर खरी गरज असलेल्या बायका बाहेरच राहतील.

कोल्हापूरकडच्या घरांत आणखी एक निरीक्षक असते, बाळ-बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालणारी बाई. सवा महिना रोज त्या खोलीत जाणारं दुसरं कोण असतं? आई पाठीला शेक घेताना काय बोलते, बाळाला कुणी हातात घेत नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळतं.

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण गोपनीयतेची. कोल्हापुरात चार माणसं बसली की त्यात कुणाचा तरी पाहुणा निघतोच. त्यामुळे नाव लपवून भागत नाही. गल्ली, व्यवसाय, बाळंतपणाचं गाव हे सगळं बदलावं लागतं, आणि पालकांची परवानगीही घ्यावी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. याच कायद्यात, मानसिक उपचारांसाठी दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा वेगळं करू नये, अशी तरतूदही आहे. नात्याचं महत्त्व कायद्यालाही पटलंय, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. नात्याकडे बघता बघता सगळा दोष आईच्या माथी मारला जातो. ऑटिझम हा थंड स्वभावाच्या आयांमुळे होतो, असं विसाव्या शतकात बरीच वर्षं सांगितलं गेलं. ते साफ चुकीचं होतं आणि त्यात कित्येक आया भरडल्या गेल्या. आज त्याची जागा 'सून सारखी मोबाइलवर असते' या वाक्यानं घेतली आहे. ज्या गटात हे वाक्य कुणी अडवत नाही, तो गट न भरलेलाच बरा.

आणि अशा गटात बसल्यानं कुणी थेरपिस्ट होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि तो नोंदणी क्रमांक पालक मागू शकतात. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारता येतो: आमच्या बाळाबद्दल अडलं तर तुम्ही कुणाशी बोलता? 'महिन्यातून एकदा आम्ही सहकारी बसतो, तुमचं नाव तिथे घेत नाही' हे उत्तर चांगलं. 'मला अडत नाही' म्हणणाऱ्याकडे पुढची अपॉइंटमेंट घेण्याआधी थोडा विचार करावा.