हिरवळ पिवळी पडली, तर आधी माती उघडून पाहा

निवृत्तीनंतर वारासिवनीतल्या घरासमोर आम्ही हौसेने हरळीची हिरवळ केली. नातवंडे तिच्यावर अनवाणी खेळतात. दुसऱ्याच भाद्रपदात, भर पावसात, तिच्यावर पिवळे डाग पडले. आम्ही युरिया टाकला, मग कुणी सुचवलेली पावडर शिंपडली. डाग वाढतच गेले. शेवटी गवत ओढून पाहिले, तर ते सतरंजीसारखे वर आले. खाली मुळेच नव्हती. बँकेत कागद तपासल्याशिवाय कधी सही केली नाही, आणि इथे किडा न पाहताच औषध टाकून बसलो!

ती हुमणी होती. पांढरट, जाड, अर्धचंद्रासारखी वाकलेली अळी. डोके तपकिरी आणि पायांच्या तीन जोड्या. (गांडुळाला पाय नसतात, तो दिसला तर मातीत परत सोडा.) पहिला पाऊस पडला की संध्याकाळी हिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, रात्रभर कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. अंडी तिथेच घालतात. म्हणून खरा उपाय जूनमध्येच करायचा. रात्री फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. अळ्या लहान असतानाच, जुलैत, मेटारायझियम बुरशीची पावडर कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्यावी; प्रमाण पाकिटावर असते. कच्चे शेण मात्र टाकू नये, त्यात अशा अळ्या पोसतात.

मुळे शाबूत असून पाने बकरीने चरल्यासारखी दिसली, तर लष्करी अळीचा संशय घ्यावा. ही आपल्या धानाच्या पऱ्ह्यांवर पडणारीच. बांधीशेजारच्या घरांनी विशेष लक्ष ठेवावे. ती रात्री खाते, दिवसा लपते. चार लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन चमचे घालून चौरसभर जागेवर ओतले की काही मिनिटांत अळ्या वर येतात. वेचून टाकाव्यात. गायबगळे रोज एकाच जागी उतरत असतील, तर तीच जागा आधी पाहावी.

वाळलेल्या गवतावर मातीचा पातळ थर चढला असेल, तर ती उधई. बांधकामावेळी पुरलेले लाकडाचे तुकडे शोधून काढावेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट, म्हणजे अनेकांच्या तोंडी असलेले थिमेट, अत्यंत विषारी आहे. २०२० च्या अखेरीपासून आपल्या देशात त्याचा वापर बंद आहे. कोठीत जुने पुडके असेल तर ते हिरवळीवर टाकू नका, नालीत वा विहिरीजवळही नको. मुलांच्या हाती लागणार नाही असे बंद ठेवा आणि त्याचे काय करायचे ते कृषी विभागात विचारा.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघे टॉर्च घेऊन निंबाखाली उभे राहिलो. यंदा हिरवळीवर एकच डाग आहे. खोदून पाहिले, तर तो आमच्या स्कूटरच्या तेलाचा निघाला.