पायाखालचे पाणी आणि एसीची नळी

गाडीत पुढच्या डाव्या सीटसमोरची चटई ओली लागली की घरात पहिला संशय मुलांवर जातो. बाटली सांडली असेल, ओल्या चपला घालून बसले असतील. चटई वाळवून परत टाकली की दोन दिवसांनी पुन्हा ओली. मग गाडीत कुबट वास येऊ लागतो, काचांवर आतून वाफ धरते आणि वळणावर डॅशबोर्डच्या आत घागर हिंदकळावी तसा आवाज येतो. नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतून ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की या एका नळीवर लिहायला हवेच होते.

उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच गाडीच्या एसीत घडते. डॅशबोर्डच्या मागे ॲल्युमिनियमची कूलिंग कॉइल असते. गाडीतली दमट हवा तिच्यावरून गेली की हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. ते खालच्या तबकात जमते आणि बोटाएवढ्या रबरी नळीतून गाडीखाली रस्त्यावर पडते. मुरूड, श्रीवर्धन, रत्नागिरीच्या हवेत तासाभरात अर्धा-एक लिटर पाणी सहज निघते. म्हणून एसी चालवून थांबलेल्या गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थारोळे दिसले तर घाबरू नये. काळजी करायची ती दमट दिवसातही खाली थेंब दिसत नाही तेव्हा. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा एसी दिला, तेव्हा त्या यंत्राने डिकीची बरीच जागा खाल्ली होती. आज ते सगळे डॅशबोर्डमागे मावते, पण पाणी काढायला अजूनही ही साधी नळीच आहे.

ती तुंबायला फार काही लागत नाही. केबिन फिल्टर महिनोन्महिने बदललेला नसला की धूळ कॉइलवर बसते, पाण्याबरोबर तबकात उतरते आणि तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. कच्च्या रस्त्यावरचा चिखल बाहेरून नळीच्या तोंडावर वाळतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर कुंभारमाशीही त्या तोंडात मातीचे घर करते. सुट्टीपुरती गावी वापरली जाणारी आणि एरवी आंब्याखाली झाकून ठेवलेली गाडी अशीच अडकते. आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या गाड्यांत तर एसीला क्वचितच विश्रांती मिळते आणि बारीक वाळू सगळीकडे शिरते.

नुसती चटई ओली होते म्हणून हे सोडून देण्यासारखे नाही. कार्पेटच्या खाली जाड नमदा असतो, तो स्पंजसारखे पाणी धरून ठेवतो. वरून कोरडे वाटले तरी आत बुरशी वाढते आणि ब्लोअर तीच हवा फिरवतो. घरात दम्याचे मूल किंवा खोकल्याने हैराण वडीलधारे असतील तर हा त्रास त्यांना आधी जाणवतो. पावसात रात्री कशेडी घाट चढताना समोरची काच आतून धूसर होणे हा तर जिवाशी खेळ. शिवाय अनेक गाड्यांत एअरबॅगची पेटी आणि वायरींचे जोड याच कार्पेटखाली किंवा मधल्या कन्सोलखाली असतात. पत्राही खालून गंजत जातो.

आधी पाणी कसले आहे ते ओळखावे. पांढरा कागदी रुमाल त्यात बुडवा. रंग नाही, चिकटपणा नाही आणि पाऊस नसताना एसी चालवल्यावरच ओल येते, तर ते एसीचे पाणी. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचे आणि बोटाला चिकट लागले, सोबत कूलंटच्या बाटलीतली पातळीही उतरत असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे. त्याला गॅरेजच गाठावे. फक्त पावसानंतरच ओल येत असेल तर दाराची रबरे पाहा आणि वायपरखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा काढा. आमच्या एका मामूंना एका गॅरेजात न तपासताच सांगण्यात आले, ‘‘चाचा, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल.’’ त्यांनी दुसरीकडे दाखवले. तिथल्या पोराने गाडी रॅम्पवर घेतली, नळीच्या तोंडातली माती काढली आणि बादलीभर पाणी खाली आले. डॅशबोर्ड खोलायला होकार देण्याआधी ‘‘नळी पाहिलीत का?’’ एवढे विचारायला काही लागत नाही.

नळी शोधण्यासाठी सपाट जागी गाडी उभी करून एसी दहा-पंधरा मिनिटे पूर्ण चालवा. मग बाजूला वाकून खाली पाहा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून, मध्यभागी किंवा डावीकडे, बाहेर येते. तोंड बहुधा खाली वळलेले असते. जवळच क्लॅम्प लावलेल्या दोन जाड रबरी नळ्या असतात, त्या हीटरच्या. ॲल्युमिनियमच्या नळ्यांत दाबाखालचा गॅस असतो. या कशालाही हात लावू नये.

साफ करताना इंजिन बंद आणि सायलेन्सर पूर्ण गार झालेला असावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. वरून हात पोचत नसेल तर रॅम्प किंवा खड्डा असलेले गॅरेज बरे. तोंड बाजूला ठेवून नळीचे टोक दोन बोटांनी चुरगाळा. पुष्कळदा तेवढ्यानेच गाळ सुटतो आणि पाणी धो धो येते. नाही आले तर गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉन दोरी किंवा माशांच्या टाकीची बारीक प्लास्टिक नळी दोन-तीन इंच आत घालून हलकेच फिरवा. तार किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र नकोच. कॉइलचा पत्रा पातळ असतो, त्याला भोक पडले की गॅस गेला आणि मग खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पंक्चरवाल्याकडची जोराची हवा मारण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो आम्हाला पटत नाही. त्या दाबाने नळी आतल्या बाजूला निसटली तर सगळे पाणी केबिनमध्येच उतरते. पाणी ओढणारा व्हॅक्यूम खालून लावणे त्यापेक्षा सुरक्षित. नंतर एसी पुन्हा चालवून थेंब नियमित पडतात का ते पाहा.

फिल्टर बदला. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. घर जवळ आले की दोन-चार मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे कॉइल कोरडी होते आणि वास धरत नाही.

खरे कष्ट वाळवण्याचे. चटया आणि सीटखाली ठेवलेली जानमाज, छत्री, पिशव्या सगळे बाहेर काढा. कार्पेटची कड उचलून नमद्याखाली वर्तमानपत्रे कोंबा आणि ओली झाली की बदलत राहा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना ओढू नका. ऊन असेल तर दारे उघडी टाकावीत. पावसाळ्यात मोकळ्या जागेत इंजिन सुरू करून एसी चालूच ठेवा, तापमान गरमकडे आणि हवेचा झोत पायांकडे वळवा. एसी हवेतली ओल खेचतो आणि ती आता खाली रस्त्यावर जाते. यालाही दोन-तीन दिवस लागतात. नमदा तळहाताने जोरात दाबून पाहावा. हात कोरडा निघाला की मगच चटई परत टाकावी.