सागाचा स्वभाव आणि सुताराची प्रतिभा

अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या जुन्या घरात टांगलेल्या सागवानी बंगईवर बसले असता, फळीची पुढली कड जेथे मांडीखाली येते तेथे रंध्याने तिला दिलेली गोलाई सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु दुपार बसून काढली तरी पायांना रग लागत नाही, याचे श्रेय त्या गोलाईचेच असते. मूर्तिकाराच्या आकाराला दृष्टीचा कौल मिळाला की पुरे. सुताराच्या आकाराला त्याखेरीज देहाचा भार पेलून दाखवावा लागतो, आणि म्हणूनच त्याची कला अधिक बंधनांतून फुलते.

वऱ्हाडच्या कारागिराला या कामी मेळघाटच्या सागाचे साहाय्य लाभले. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असल्यामुळे वाळवीला तो सहजी दाद देत नाही. तथापि तोडलेले लाकूडही हवेतील ओल घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आणि मृगानंतर दमट होणाऱ्या अकोल्याच्या हवेत रुंद फळी चहूबाजूंनी जखडून टाकली, तर ती तडकल्यावाचून राहत नाही. यावर जुन्या सुतारांनी काढलेली तोड म्हणजे चौकट आणि दिलहा: चौकटीचे कोपरे कुसू आणि खाच यांनी घट्ट जुळवायचे, परंतु मधला दिलहा चौकटीच्या खोबणीत सरस न लावता मोकळा बसवायचा. दिलह्यावर कोरलेले कमळ पाहणाऱ्याला दिसते, ती मोकळीक दिसत नाही. पण ते कमळ पिढ्यान्‌पिढ्या अभंग राहते ते तिच्यामुळेच.

नक्षी आणि प्रयोजन यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा दाखला एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शिसवी सामानात सापडतो. साहेबांच्या आणि तालेवार पारशी कुटुंबांच्या दिवाणखान्यांसाठी घडवलेल्या त्या जिनसांवर वेली, पाने व पक्षी इतके दाट कोरलेले असत की हस्तकौशल्याने मन थक्क व्हावे. मात्र खुर्चीच्या पाठीवर उठावाची नक्षी आली, की टेकणाऱ्याच्या पाठीला ती रुतणारच.

याच्या उलट टोकाला जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) हा जपानी वंशाचा अमेरिकन वास्तुशिल्पी उभा आहे. तरुणपणी पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातील गोलकोंड या वास्तूच्या उभारणीसाठी तो हिंदुस्थानात राहिला होता, आणि पुढे १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने लाकडी सामानाचे आराखडे केले. ओंडक्याची नैसर्गिक वळणदार कड तो छाटीत नसे. आणि फळीतील तडा लपविण्याऐवजी, फुलपाखराच्या आकाराचे लाकडी तुकडे त्यात आडवे बसवून तो तिला सांधीत असे. तो सांधा फळी धरून ठेवतो आणि तोच तिचा अलंकारही होतो.

आपल्या गावच्या सुताराला हे तत्त्व परके नाही. परके झालो आहोत ते आपण गिऱ्हाईक. लाकूड नीट मुरण्यापूर्वीच घाई करायची, सांध्याऐवजी खिळ्यांवर भागवायचे आणि मग वरून पॉलिशची चकाकी मागायची, असा दस्तूर पडल्यावर कारागिराची प्रतिभा कोठे प्रकटावी? बयाना देताना त्याला केवळ मापे सांगू नयेत. कोण बसणार, किती वेळ बसणार, वस्तू उन्हात राहणार की सावलीत, हेही सांगावे, आणि त्याच्या विचाराला मुदत व मजुरी दोन्ही द्यावीत. सुताराच्या हाती कला आजही आहे. तिला वाव देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.