शाडूचे सैन्य

मराठीच्या प्राध्यापकाने पदरी सैन्य बाळगावे, ही बातमी आमच्या स्टाफरूममध्ये फुटली तेव्हा बराच हशा पिकला. "कवायत घेता की नुसती हजेरी?" असे इतिहासाच्या सहकाऱ्यांनी विचारले. मी त्यांना एवढेच सांगितले की, माझे सैन्य बुटांच्या खोक्यात राहते, पगारवाढ मागत नाही, आणि आजवर एकाही शिपायाने माझा तास चुकवलेला नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची. सहामाही परीक्षा संपली त्याच संध्याकाळी नववीतले आमचे चिरंजीव एका मित्राकडून काही नवल पाहून आले. परदेशी बनावटीचे प्लॅस्टिकचे शिपाई. उंची इंच-सव्वा इंच. हात, पाय, डोकी सुटी. ती आपण चिकटवायची, करड्या शिपायांना आपणच बारीक कुंचल्याने रंग द्यायचा, आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून दोघांनी लढाई खेळायची. कोण किती चालला ते टेपने मोजायचे, कोण पडला ते फाशांनी ठरवायचे. खोक्याची किंमत ऐकून मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मेहनत आपली आणि पैसेही आपलेच!" असा निवाडा सौ.ने स्वयंपाकघरातून दिला.

तरी मी या छंदाची थोडी चौकशी केली. खेळातले सैन्य आपल्याला काही नवे नाही. हत्ती, घोडे आणि प्यादी घेऊन आपण चतुरंगापासून लढत आलो आहोत. पुढे प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी नकाशावर सोंगट्या हलवून लढाईचा अभ्यास करण्याची पद्धत बसवली. मुलाने तिचे नियम 1824 साली प्रसिद्ध केले आणि तिथल्या सेनाधिकाऱ्यांनी ती शिक्षणासाठी उचलली. घरच्या जमिनीवर ही हौस आणली ती इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी. 1913 साली त्यांनी 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगितले. त्यांच्या तोफा स्प्रिंगच्या होत्या आणि खरोखर उडत. या चिमुकल्या लढाईशी तुलना करून खरे युद्ध किती मूर्खपणाचे, हेही त्यांनी त्यात लिहिले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले!

हे सारे मी चिरंजीवांना ऐकवत होतो, आणि ऐकवता ऐकवता माझ्या मनात आले की, अरे, हे तर आम्ही लहानपणी दर दिवाळीला करत होतो!

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी कधी दिवाळीचा किल्ला बांधला असेल, त्यांना फोड करून सांगायला नको. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात भिजवलेले पोतडे, गेरूने रंगवलेले बुरूज, उतारावर पेरलेले अळीव. सिंहासनावर महाराज, ते किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच. वाघ हत्तीएवढा, आणि त्याच्या शेजारी निर्धास्तपणे दूध घेऊन चाललेली गवळण. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, याचा आनंद कुणाला नाही? पण दर आश्विनात अंगणात उभे राहणारे आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत ढासळणारे किल्ले कुठल्या यादीत घालणार?

आमचे अंगण म्हणजे वरळीच्या बी.डी.डी. चाळींपैकी दोन चाळींमधली मोकळी जागा. या चाळी 1920 नंतरच्या दशकात बांधलेल्या. वरळीत त्या एकशे एकवीस होत्या. एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची. कोळीवाड्याच्या टोकाला खराखुरा वरळीचा किल्ला आहे, पण आम्ही पोरांनी तो कधी बांधला नाही. ना कडा, ना भुयार. पोरांना त्यात काय गोडी? आम्हाला राजगड, प्रतापगड पाहिजे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गिरणीत रंगखात्यात होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही. 1983 च्या दिवाळीत मी सहा वर्षांचा होतो. किल्ला बांधायला माती फुकट होती. पण मावळे विकत आणावे लागत, आणि घरात तेलाची बाटली पुरवून पुरवून वापरणे चालले होते. मी मावळ्यांसाठी भोकाड पसरले. अण्णा काही बोलले नाहीत.

त्या पावसाळ्यात ते लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात रोजंदारीवर रंगकाम करत होते. तिथली उरलीसुरली शाडू आणि वाट्यांच्या तळाशी राहिलेले रंग त्यांनी जपून ठेवले होते. वसुबारसेच्या आदल्या रात्री जाग आली तेव्हा पाहतो तो अण्णा दिव्याखाली बसून मावळे वळत होते. एकूण चाळीस केले. रंग गणपतीचेच असल्यामुळे आमच्या प्रत्येक मावळ्याला पीतांबराचा पिवळा अंगरखा, शेल्याचा लाल फेटा आणि गुलाबी गाल होते! चाळीतल्या पोरांनी "बाप्पाची फौज" म्हणून थट्टा केली. मला त्या थट्टेचे इतके वाईट वाटले की, दुसऱ्या दिवशी मी अण्णांशी बोललो नाही.

त्या चाळीसांपैकी सतरा मावळे अजून अण्णांपाशी बिस्किटांच्या डब्यात आहेत. मी लग्नानंतर वरळीतच थोडे पलीकडे राहायला गेलो. अण्णा मात्र चाळीतली खोली सोडायला तयार नाहीत. चिरंजीवांना घेऊन मी तिकडे गेलो आणि म्हणालो, "परदेशी खोके राहू दे. सैन्य हे घे."

शाडू भाजलेली नसते. पाणी लागले की विरघळते, धक्का लागला की तुटते. कुणाचा भाला गेला होता, कुणाचे नाक. भाल्यांच्या जागी केरसुणीच्या काड्या आल्या. खानाच्या बाजूला दादरच्या बाजारातून तीस साधे शिपाई आणले, त्यात सहा घोडेस्वार. मग सारी फौज रंगवायला घेतली. चिरंजीवांनी चित्रफिती पाहून तंत्र शिकून घेतले होते: प्रथम अस्तर, त्यावर मूळ रंग, मग पाणीदार गडद रंग सोडायचा, तो कपड्याच्या चुण्यांत उतरतो, शेवटी कुंचला फडक्याला जवळजवळ कोरडा पुसून फिकट रंग वरच्या कंगोऱ्यांवरून हलकेच फिरवायचा. अण्णा पाहत होते. "आम्हीपण सोंडेला असंच करायचो. आधी गडद, उजेड मागून," ते म्हणाले. डोळ्यांची आखणी तेवढी त्यांनी आपल्याकडे घेतली. ऐंशीच्या घरातला हात कापतो. पण कुंचल्याचे टोक टेकले की थांबतो.

लढाई निवडली उंबरखिंडीची. फेब्रुवारी 1661. शाइस्ताखानाने कारतलबखानाला मोठ्या फौजेनिशी कोकणात पाठवले. घाट उतरून आलेली ती फौज दाट रानातल्या अरुंद वाटेवर शिरली, आणि दोन्ही अंगांना दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी तिला कोंडले. फौजेबरोबर रायबागन ही सरदारीण होती. तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि सामानसुमान सोडून त्यांना जाऊ देण्यात आले, अशी हकिकत परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे.

आमचे नियम सोपे. उघड्यावर पायदळ सहा इंच, घोडा बारा. रानात मावळा चार, घोडा दोन. वाटेवर एका वेळी दोनच शिपाई पुढे. पहिल्या डावात खान मी झालो, आणि काय सांगावे, फासे असे पडले की माझे घोडेस्वार खिंड फोडून बाहेर पडले! पाहायला जमलेल्या शेजारच्या काकू उखडल्या. "हे काय भलतंच? महाराज हरतात का कधी?" त्यावर चिरंजीव म्हणाले, "काकू, आपण धडा वाचलाय. त्या सकाळी झाडीत बसलेल्यांनी कुठे वाचला होता?" इतकी वर्षे ऐतिहासिक कादंबरी शिकवतो, पण ही गोष्ट इतकी साफ माझ्या तोंडून वर्गात कधी निघालेली नाही.

दुसऱ्या डावाला खान व्हायला पोरांपैकी कुणीच तयार होईना. तेव्हा अण्णा खाटेवरून म्हणाले, "मी होतो खान."

ते शांतपणे खेळले. तिसऱ्या फेरीला मावळ्यांनी वाटेची दोन्ही तोंडे बंद केली. अण्णांनी आपले शिपाई मोजले आणि फासे खाली ठेवले. "आम्ही शरण."

"आजोबा, अजून निम्म्याहून जास्त माणसं आहेत तुमची!"

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. "खानाला कुणीतरी वेळेवर सांगितलं. माणसं घरी गेली त्याची. आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं नसतं."

"तुम्ही कुठे अडकला होता?" नातवाने विचारले.

आणि अण्णा बोलू लागले. गिरणीच्या बंद फाटकाविषयी, गावी निघून गेलेल्या सोबत्यांविषयी, परत कामावर जावे असे एकदा मनात येऊन फाटकापर्यंत जाऊन मागे फिरल्याविषयी. चाळीस वर्षांत मी त्यांना हे विचारले नव्हते. मला वाटे, त्यांना आवडायचे नाही. ते बोलत होते आणि पोरगा रंगलेल्या बोटांनी ऐकत होता. डाव तसाच राहिला.

आता या चाळी जात आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर पाचशे चौरस फुटांचे. त्याचे वाईट कुणाला वाटेल? आमच्या चाळीची पाळी यायची आहे. अण्णांचे सामान ते काय? पण बिस्किटांचा डबा त्यांनी आताच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे, आणि तो टेम्पोत घालायचा नाही, हातातून न्यायचा, अशी ताकीद आहे.

यंदा मात्र चाळींमधल्या त्याच जागेत किल्ला बांधायचा ठरले आहे. खान कोण होणार, यावर तंटा चालू आहे. या खेपेस उमेदवार तीन आहेत! अळीव भिजत घातले आहेत. मातीच्या दोन पाट्या तेवढ्या आणायच्या राहिल्या आहेत, तेव्हा वाचकहो, निरोप घेतो.