परिमित घटक पद्धतीची ओळख

बंगळूर शहराच्या पश्चिम भागात राजाजीनगर नावाची वसाहत आहे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला देण्यात आले आहे. तिच्या औद्योगिक विभागात यंत्रांचे सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने आहेत. बंगळूर ही यंत्रकामाची जुनी पेठ असून मराठी वाचकांस परिचित असलेल्या किर्लोस्कर घराण्याची विद्युत यंत्रे बनविणारी कंपनीही १९४६ मध्ये याच शहरात उभी राहिली. १ मार्च २०१४ पासून राजाजीनगरच्या स्थानकावर मेट्रो रेल्वेच्या गाड्या थांबू लागल्या. ही रेल्वे रस्त्याच्या वर, काँक्रीटच्या खांबांवर टेकलेल्या पोकळ तुळयांवरून धावते.

कारखान्यातील बेअरिंगची बैठक असो वा रस्त्यावरील ही तुळई असो, अभियंत्यापुढील प्रश्न एकच असतो. ही वस्तू भार घेईल काय? आणि निकामी झालीच, तर प्रथम कोठे होईल? वस्तू प्रत्यक्ष घडविण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. कारण तुळईखालून माणसे जात-येत असतात. हे उत्तर काढण्याचे आजचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे परिमित घटक पद्धती होय. अभियंते तिला व्यवहारात ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धती असे म्हणतात.

अडचण कोठे आहे?

सरळ, एकसारख्या जाडीच्या सळईला ओढले असता ती किती लांबेल हे एका ओळीच्या सूत्राने सांगता येते. दोन टोकांवर टेकलेली साधी तुळई किती वाकेल, हेही विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिकतो. परंतु व्यवहारातील वस्तू इतक्या साध्या नसतात. बेअरिंगच्या बैठकीला बोल्टांसाठी भोके असतात, कोपरे असतात, मजबुतीसाठी दिलेल्या फासळ्या असतात. मेट्रोच्या पोकळ तुळईतून पोलादी तारांचे जुडगे ताणून नेलेले असतात आणि आधारापाशी तिच्या भिंती जाड केलेल्या असतात.

अशा वस्तूच्या प्रत्येक बिंदूवर स्थितिस्थापकतेची समीकरणे लागू पडतात, हे खरे. परंतु आकार वाकडातिकडा असला, म्हणजे ती समीकरणे सोडवून नेमके सूत्र मिळविणे बहुधा अशक्य होते. याचे कारण असे की, वस्तूत बिंदू अनंत आहेत आणि प्रत्येक बिंदूचे स्थानांतर अज्ञात आहे. अनंत अज्ञात राशी मोजता येत नाहीत. मोजक्या राशी मात्र येतात. म्हणून वस्तूचे मोजके, म्हणजेच परिमित, तुकडे कल्पावयाचे, प्रत्येक तुकड्याचे वर्तन सोप्या नियमाने मांडावयाचे आणि मग ते तुकडे गणितात पुन्हा जोडावयाचे. या पद्धतीचे सारे सार एवढेच आहे.

दोन घटकांची सळई

एक छोटे उदाहरण घेऊ. एका पोलादी सळईचे वरचे टोक भिंतीत पक्के बसविले आहे. तिचा पहिला भाग १०० मिलिमीटर लांब असून त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर आहे. दुसरा भागही तितकाच लांब, पण त्याचे क्षेत्रफळ निम्मे, म्हणजे ५० चौरस मिलिमीटर आहे. मोकळ्या टोकाला १० किलोन्यूटन इतका ओढ दिला आहे. पोलादाचा यंग गुणांक दर चौरस मिलिमीटरला २०० किलोन्यूटन धरू.

सळईचा प्रत्येक भाग हा एक घटक होय. जेथे घटक एकमेकांस मिळतात किंवा संपतात, त्या बिंदूंना सांधबिंदू म्हणू. पहिला सांधबिंदू भिंतीत, दुसरा मध्ये आणि तिसरा मोकळ्या टोकाशी आहे. एखादा घटक १ मिलिमीटर लांबविण्यास जेवढे बल लागते, ती त्याची ताठरता. यंग गुणांकास क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागले असता ती मिळते. त्यानुसार पहिल्या घटकाची ताठरता दर मिलिमीटरला २०० किलोन्यूटन आणि दुसऱ्याची १०० किलोन्यूटन येते.

आता प्रत्येक सांधबिंदू समतोल असला पाहिजे, एवढीच अट घालावयाची. मधल्या बिंदूचे स्थानांतर ‘क’ आणि टोकाचे ‘ख’ मानू. मधल्या बिंदूवर बाहेरचे बल नाही. म्हणून २०० गुणिले क हे १०० गुणिले (ख − क) याच्याइतके असले पाहिजे. त्यावरून ख ही क च्या तिप्पट आहे असे निघते. टोकावर १०० गुणिले (ख − क) बरोबर १०. ही दोन समीकरणे सोडविली असता क ०.०५ मिलिमीटर आणि ख ०.१५ मिलिमीटर येते. प्रतिबल म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरील बल. ते पहिल्या घटकात १०० न्यूटन व दुसऱ्यात २०० न्यूटन भरते.

येथे अज्ञात राशी दोनच होत्या, म्हणून कागद-पेन्सिल पुरली. सपाट पत्र्याची अथवा भिंतीची आकडेमोड करताना घटक त्रिकोणी किंवा चौकोनी घेतात आणि प्रत्येक सांधबिंदूस आडवे व उभे असे दोन स्थानांतर असतात. पाचशे सांधबिंदू घेतले की हजार समीकरणे होतात. ती आव्यूहाच्या रूपात मांडून संगणकाकडे सोपविली जातात. आकडे वाढले तरी तत्त्व सळईचेच राहते.

घटक वाढविले म्हणजे काय होते?

वरील सळईत पायरी होती, म्हणून दोन घटकांनी उत्तर अगदी अचूक आले. आता पायरीऐवजी सळई हळूहळू निमुळती होत गेली आहे असे समजू: वरचे क्षेत्रफळ १००, खालचे ५०, एकूण लांबी २०० मिलिमीटर. तिची नेमकी लांबवाढ सूत्राने ०.१३८६ मिलिमीटर येते. संपूर्ण सळई ७५ चौरस मिलिमीटर या सरासरी क्षेत्रफळाचा एकच घटक मानली, तर उत्तर ०.१३३३ येते. दोन समान घटक केले तर ०.१३७१, आणि चार केले तर ०.१३८२. प्रत्येक वेळी घटक दुप्पट केले असता चूक सुमारे चौथाईवर येते. उत्तर सत्याकडे असे सरकत जाणे, यालाच अभिसरण म्हणतात.

परंतु विद्यार्थ्याने येथे थांबू नये, प्रतिबलही पाहावे. निमुळत्या टोकाशी खरे प्रतिबल २०० न्यूटन आहे. एका घटकाने ते १३३, दोहोंनी १६० आणि चौघांनी १७८ दाखविले. चार घटकांनी लांबवाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत अचूक सांगितली, पण प्रतिबल मात्र अकरा टक्क्यांनी कमी सांगितले. वस्तू किती वाकते हे ही पद्धती लवकर सांगते. वस्तू कोठे फुटेल हे सांगण्यास तिला अधिक बारीक जाळी लागते. म्हणून जेथे आकार झपाट्याने बदलतो, तेथे घटक लहान घ्यावे लागतात.

पद्धतीचा जन्म

या कल्पनेची बीजे गणितात व स्थापत्यशास्त्रात १९४० च्या सुमारास दिसू लागली. गणिती रिचर्ड कूरँट यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या छेदाचे त्रिकोण पाडून उत्तर काढले होते. पुढे जेट विमानांच्या त्रिकोणी पंखांना जुनी सूत्रे लागू पडेनात. युरोपात जॉन आर्गिरिस आणि अमेरिकेत बोइंग कंपनीतील टर्नर व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाला हात घातला. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी रे क्लफ हे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी १९६० मध्ये या पद्धतीला आजचे नाव दिले.

कोयनेची कसोटी

भारतीय वाचकाला या पद्धतीचे महत्त्व पटविणारे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. कोयना नदीवरील धरण आपल्या वजनाच्या बळावर पाणी अडविणारे असून ते पायापासून १०३ मीटर उंच आहे. त्याचे बांधकाम रबल काँक्रीटचे, स्वतंत्र खंडांचे आहे. सांडव्याखेरीजच्या उंच खंडांचा छेद तळाशी ७० मीटर रुंद, तर माथ्याशी १५ मीटरांहूनही अरुंद आहे. खालच्या अंगाच्या बाजूचा उतार माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली एकदम बदलतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरास मोठा भूकंप झाला. कोयनानगर वसाहतीतील बहुतेक घरे कोसळली आणि पावणेदोनशे ते दोनशे माणसे दगावली. धरण उभे राहिले. परंतु त्याच्या अनेक उंच खंडांना दोन्ही बाजूंवर आडव्या भेगा पडल्या. त्या प्रामुख्याने उतार बदलतो त्याच पातळीच्या आसपास होत्या.

जुन्या रीतीप्रमाणे धरणाची रचना करताना भूकंपाचे बल वजनाच्या एका ठराविक अंशाइतके, माथ्यापासून तळापर्यंत सारखे, धरले होते. कोयनेसाठी हा अंश ०.०५ होता. धरणाच्या आत बसविलेल्या त्वरणलेखकाने मात्र प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पट त्वरण नोंदविले. शिवाय धरण एखाद्या ठोकळ्यासारखे सरळ हलत नाही. त्याचा तळ थोडा व माथा पुष्कळ हेलकावतो. त्यामुळे अरुंद अशा वरच्या भागावर सर्वाधिक जोर येतो आणि जुन्या रीतीत हे दिसूच शकत नव्हते.

बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी धरणाच्या छेदाचे घटक पाडले, प्रत्येकाला वस्तुमान व ताठरता दिली, जलाशयाच्या पाण्याचा दाब विचारात घेतला आणि नोंदलेला भूकंप क्षणाक्षणाने गणितात चालवून पाहिला. उतार बदलणाऱ्या पातळीजवळ दोन्ही बाजूंवर काँक्रीटच्या सहनशक्तीपेक्षा अधिक ताण निर्माण झाला असला पाहिजे, असे त्यातून निष्पन्न झाले. भेगा पडल्या होत्या त्या नेमक्या तेथेच. पुढे उंच खंडांना खालच्या बाजूने काँक्रीटचे धिरे देऊन धरण मजबूत करण्यात आले. जगभरचे संशोधक आपली नवी गणनपद्धती आजही प्रथम कोयनेच्या छेदावर पारखून पाहतात.

सावधगिरी

ही पद्धती कितीही समर्थ असली, तरी ती चुकीच्या प्रश्नाचेही उत्तर तितक्याच सफाईने देते. आधार पक्का नसताना पक्का धरला, भार चुकीच्या जागी दिला, तर संगणक तक्रार करीत नाही. रंगीत चित्र मात्र सुंदर येते. आतल्या बाजूस वळलेला कोपरा गणितात अगदी टोकदार ठेवला, तर जाळी जितकी बारीक करावी तितके तेथील प्रतिबल वाढतच जाते आणि कोठेही स्थिर होत नाही.

घटकाची निवडही फसवू शकते. पातळ तुळईसाठी काही साधे घटक वापरले असता तुळई प्रत्यक्षाच्या कितीतरी पट ताठर भासते. या दोषाला अभियंते ‘लॉकिंग’ म्हणतात. त्याचे मूळ शोधून सुसंगत घटक कसे रचावेत, याविषयी बंगळूरच्याच नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेत गंगन प्रताप यांनी १९८० नंतरच्या दशकात महत्त्वाचे काम केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून संगणकाचे उत्तर हाती येताच अभियंत्याने तीन गोष्टी तपासाव्यात. आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज दिलेल्या भाराइतकी भरते काय? घटक दुप्पट केल्यावर उत्तर फारसे बदलत नाही ना? आणि एखाद्या सोप्या सूत्राने काढलेल्या ढोबळ अंदाजाशी ते जुळते काय? नवशिक्या विद्यार्थ्याने संगणकापुढे बसण्यापूर्वी वरील निमुळती सळई आठ घटकांनी स्वतः सोडवून पाहावी. लांबवाढ सत्याच्या किती जवळ आली आणि प्रतिबल अजून किती मागे राहिले, हे त्याला स्वतःच्या आकड्यांत दिसेल. तुळईची वा धरणाची मोठी आकडेमोड तपासताना हीच नजर उपयोगी पडते.