स्वयंसेवकांच्या तोंडचा इतिहास

इतिहास म्हटला कीं दप्तरें, सनदा आणि शिलालेख डोळ्यांपुढें येतात. परंतु कित्येक कार्यें अशीं असतात कीं, त्यांच्या दप्तरांत आकडे पुष्कळ आणि माणसें थोडीं. परदेशीं जाऊन तेथील लोकांत राहून सेवा करणारांचें कार्य याच जातीचें होय. किती शाळांत किती शिक्षक धाडले, हें अहवाल सांगतो. त्या शिक्षकाला परक्या गांवांत पहिली रात्र कशी गेली, हें तो स्वतःच सांगूं जाणे.

अमेरिकेंतील 'पीस कोअर', म्हणजे शांतिदल, हें याचें ठळक उदाहरण आहे. १४ ऑक्टोबर १९६० रोजीं उत्तररात्रीं, अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनीं मिशिगन विश्वविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विचारलें कीं, डॉक्टर होऊन घानासारख्या देशांत दिवस काढावयास तुमच्यांतील किती जण तयार आहेत? पुढें अध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ रोजीं त्यांनीं हुकूम काढून ही संस्था स्थापिली, आणि ऑगस्टअखेर शिक्षकांची पहिली तुकडी घानाची राजधानी आक्रा येथें उतरली. तेव्हांपासून दोन लाखांहून अधिक स्वयंसेवक देशोदेशीं जाऊन आले. त्या पहिल्या तुकडींतील रॉबर्ट क्लाइन यांनीं उतारवयांत जुन्या सोबत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचें काम हातीं घेतलें. त्या मुलाखती बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयांत जतन केल्या आहेत.

अशा मुलाखतींची पद्धतशीर सुरुवात कोलंबिया विश्वविद्यालयांत अॅलन नेव्हिन्स यांनीं १९४८ सालीं केली. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. "आपण तेथें सुखी होतां ना?" असें विचारल्यास "होय" एवढेंच उत्तर यावयाचें. "पाणी कोठून आणीत होतां? आजारीपणांत कोण जवळ बसे?" असें विचारलें म्हणजे आठवणींचें दार उघडतें. नंतर सर्व बोलणें लिहून काढावयाचें आणि सांगणाराच्या संमतीनेंच तें अभ्यासकांसाठीं खुलें करावयाचें.

येथें कोणी शंका घेईल कीं, चाळीस वर्षांनंतरच्या स्मृतीवर भरंवसा कसा ठेवावा? शंका रास्त आहे. तारखा सरकतात, अपयशाची धार बोथट होते. म्हणून त्या काळच्या पत्रांशीं असें कथन ताडून पाहावें लागतें. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, मुंबईजवळ विक्रोळीस सेवेसाठीं आल्या. तेथील दवाखान्यांत काम करीत असतां त्यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें पुढें १९७७ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. अशा पत्रांत त्या त्या दिवसाचा थकवा आणि आनंद ताजा राहतो.

तथापि पत्रही अर्धेंच सत्य सांगतें. ऑक्टोबर १९६१ मध्यें नायजेरियांतील इबादान येथें एका तरुण स्वयंसेविकेनें पोस्टकार्डावर तेथील राहणीच्या गलिच्छपणाचें वर्णन केलें. तें कार्ड वाटेंत पडून तेथील विद्यार्थ्यांच्या हातीं लागलें, त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निषेधाच्या सभा झाल्या आणि तिला मायदेशीं परतावें लागलें. लिहिणारीला जें साधें वर्णन वाटलें, तेंच यजमानांना अपमान वाटलें. दोन्ही बाजू ऐकल्यावांचून या प्रसंगाचा अर्थ लागत नाहीं.

या इतिहासांतील खरी उणीव हीच आहे. मुलाखतींच्या संग्रहांत बोलतात ते गेलेले. ज्यांच्या दारीं ते गेले, त्यांचा आवाज तेथें सहसा ऐकूं येत नाहीं. पाहुण्याची भाषा ऐकून हंसलेलीं मुलें, त्याला जेवावयास वाढणारी गृहिणी, त्याच्या सल्ल्यावर मनांत अविश्वास बाळगणारा शेतकरी, यांनीं त्याला कसें पारखलें? सेवा खरोखर उपयोगी पडली कीं नाहीं, याचा निवाडा सेवकापेक्षां सेवितांनींच करावयाचा असतो.

भारतांत हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत होते. त्यांच्यापाशीं शिकलेलीं वा औषध घेतलेलीं मुलें आज वार्धक्यांत आहेत. कागद जपून ठेवला तर टिकतो. न विचारलेली आठवण मात्र माणसाबरोबरच जाते. घरांतील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांपैकीं कोणाला असा परदेशी पाहुणा आठवत असेल, तर शांतपणें ऐकून तें लिहून ठेवावें. त्यावांचून हा इतिहास एका कानानेंच ऐकलेला राहील.