घरी बनवा चिकन सॉसेज रोल : बारा आण्याची चव, चार आण्याचा हिशेब

मी कापडाचा माणूस. ग्रे कापड, पन्ना, कटाई, चिंधी ह्यापलीकडे मला फारसे काही कळते असा माझा दावा नाही. तेव्हा ह्या पानावर मी खाण्याच्या जिनसाबद्दल का लिहितो आहे, असे काही बंधूंना वाटेल. कारण घरातच घडले म्हणून लिहितो.

आमच्या सूनबाईने दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये इफ्तारच्या ऑर्डरी घेण्यास सुरुवात केली. समोसे, कटलेट सगळेच करतात. तिने खारीच्या पिठात चिकन सॉसेज गुंडाळून, बोटभर तुकडे करून भाजले. मुलांनी ते हातोहात उचलले. ईदनंतर एका वलिम्याची तीनशे नगांची ऑर्डर आली. सॉसेज बाजारातून गोठवलेले, तयार आणले होते. दस्तरखानावर एका बुजुर्गांनी तुकडा हातात घेतला आणि मला विचारले, "भाईसाहब, मुर्गी ठीक आहे, पण ह्याच्यावरचे कातडे कशाचे आहे?" मला उत्तर देता आले नाही. सूनबाईलाही नाही. ज्यांच्याकडून माल घेतला त्या दुकानदारालाही नाही. सगळी ताटे तशीच्या तशी परत आली. पैसे गेले त्याचे दुःख नाही, व्यापारात जातात. पण आपण विकतो त्या मालाची माहिती आपल्याला नाही, ही शरमेची गोष्ट होती. त्यानंतर मी चौकशी करत गेलो आणि जे कळले ते असे.

सॉसेज म्हणजे मीठ घालून मळलेला खिमा. ह्या शब्दावर आपल्याकडे शंका येते ह्याचे कारण गोव्याचे सॉसेज डुकराचे असते, आणि विलायतेतही साधा सॉसेज रोल बहुधा डुकराच्या खिम्याचाच असतो. पण ही पद्धत कोणत्याही एका जनावराशी बांधलेली नाही. तुर्कस्तानात मोठ्या जनावराच्या मांसाचे सॉसेज पिठात गुंडाळून भाजतात. जर्मनीत ह्याच जिनसाला 'झोपण्याच्या झग्यातले सॉसेज' अशा अर्थाचे नाव आहे. इंग्रजीत 'पिग्ज इन ब्लँकेट्स' म्हणतात. ह्या नावाने अमेरिकेत पिठात गुंडाळलेले सॉसेज मिळते, तर इंग्लंडमध्ये डुकराच्या बेकनमध्ये गुंडाळलेले. लंडनला किंवा इतरत्र नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आता त्या बुजुर्गांच्या सवालाकडे येतो. सॉसेजच्या आवरणाचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिले, जनावराचे आतडे. बारीक सॉसेजला मेंढीचे, जाड सॉसेजला बहुधा डुकराचे. परदेशात असे चिकन सॉसेजही मिळते की ज्यात आत फक्त कोंबडी आणि वर डुकराचे आतडे असते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'चिकन' लिहिलेले असते, बाकीचे बारीक अक्षरांत. दुसरे, कोलॅजन. हे जनावराच्या चामड्याच्या आतल्या थरापासून काढतात. बहुधा गाई-बैलाच्या, काही ठिकाणी डुकराच्या. जनावर हलाल असले तरी कटाई कशी झाली हा प्रश्न राहतोच.

तिसऱ्या प्रकाराने मात्र मला थक्क केले, कारण तो आपल्याच धंद्यातला निघाला. पाकिटावर 'स्किनलेस' लिहिलेले सॉसेज सेल्युलोजच्या नळीत भरून शिजवतात आणि नंतर यंत्राने नळी सोलून टाकतात. ही नळी म्हणजे व्हिस्कोस! भिवंडी-मालेगावच्या मागावर जो रेयॉनचा धागा चालतो, तोच माल. लाकडाचा लगदा किंवा सरकीवरचे आखूड तंतू कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवतात. ते द्रावण बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडले की धागा बनतो, गोल फटीतून सोडले की नळी बनते. शिकागोत १९२५ साली व्हिस्किंग नावाची कंपनी ह्याच कामासाठी निघाली. तीस वर्षे रेयॉन विकून मला हे ठाऊक नव्हते. तर स्किनलेसच्या बाबतीत आवरणाचा सवाल मिटतो. आतल्या मांसाचा आणि चरबीचा मिटत नाही.

ह्या सगळ्यावर सोपा इलाज असा की आवरणच वापरू नये. विलायती बेकरीतही सॉसेज रोलमध्ये कच्चा मसालेदार खिमाच पिठात गुंडाळतात. पीठ हेच त्याचे आवरण. आपल्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या कसायाकडून आपल्यासमोर कापलेली कोंबडी घ्यावी, खिमा घरी करावा, म्हणजे गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रत्येक सवालाचे उत्तर आपल्या खिशात असते. मोठ्या जनावराचा खिमा वापरायचा असेल तर महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले आहेत, म्हशीचे चालते. पण विक्रीसाठी चिकनच सोयीचे, सर्व समाजाचे गिऱ्हाईक घेते.

माप मी चाळीस नगांचे देतो. खिमा अर्धा किलो, मांडीच्या मांसाचा. छातीचा कोरडा होतो. मीठ साडेसात ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा ते दीड चमचा. बेकरीचे साधे टोस्ट कुटून केलेला चुरा ५० ग्रॅम. इंग्रजी सॉसेजमध्येही असाच रस्कचा चुरा घालतात, ती भेसळ नव्हे. तो सुटलेला रस धरून ठेवतो. बर्फाचे पाणी ५० मिलीलिटर, मऊ लोणी ४० ग्रॅम. मिरी, लसूण, चिमूटभर जायफळ, पुदिना, हिरवी मिरची आपल्या आवडीने. कांदा घालायचा तर तळून, पाणी आटवून, थंड करून. कच्चा कांदा पाणी सोडतो आणि खालचे पीठ लगदा होते.

खिमा फ्रिजमधून काढून थंडगारच मळावा. आधी नुसते मीठ घालून तीन-चार मिनिटे जोराने मळावे. मिठाने मांसातले चिकट प्रथिन सुटते आणि तेच सगळे बांधून ठेवते. मग चुरा, पाणी, लोणी, मसाला. खिमा तळहातावर घेऊन हात उलटा केला तरी पडला नाही म्हणजे तयार झाला. खिमा गरम झाला तर चरबी वितळून वेगळी होते आणि भाजताना सगळी तव्यावर येते. मीठ चाखण्यासाठी कच्चा खिमा जिभेवर ठेवू नये, छोटी टिकिया तळून पाहावी. रंग बाजारच्या सॉसेजसारखा गुलाबी येणार नाही, करडा येईल. तो गुलाबी रंग सोडियम नायट्राइटचा असतो, घरी त्याची जरूर नाही.

पिठाचे माप : मैदा २५० ग्रॅम, थंड लोणी १८० ग्रॅम, बर्फाचे पाणी सुमारे ११५ मिलीलिटर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा लिंबाचा रस. लोणी खारट असेल तर पिठात मीठ घालू नये आणि खिम्यातलेही थोडे कमी करावे. लोण्याच्या सुपारीएवढ्या फोडी मैद्यात घोळवाव्यात, चुरडू नयेत. पाणी घालून गोळा जेमतेम जमवावा. मग लांबट लाटून तिघडी घालावी, जशी आपण चादरीची घालतो. पुन्हा लाटून पुन्हा तिघडी. फ्रिजमध्ये अर्धा तास आराम, नंतर आणखी दोन घड्या, पुन्हा अर्धा तास आराम. चार घड्यांत तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, सत्तावीसचे एक्याऐंशी थर होतात. मोठी बेकरी सहा घड्या घालून ७२९ करते, आपल्या कामाला एक्याऐंशी पुष्कळ. भट्टीत लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर उचलते. लोणी आधीच वितळून पिठात जिरले तर उचलायला थर उरतच नाहीत, साधी जाड पोळी होते.

इथे आपल्या हवेची अडचण आहे. लोणी ३२ ते ३५ अंशाला वितळते आणि मे महिन्यात आमच्या भिवंडीत खोलीचेच तापमान तेवढे असते. म्हणून हे काम फजरनंतर लगेच, फरशीच्या ओट्यावर करावे. बेकरीवाले ह्याच कारणाने मार्जरीन वापरतात, ते जास्त उष्णता सोसते. पण ते टाळूला चिकटते आणि चव लोण्याची येत नाही. घ्यायचेच असेल तर पाकिटावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह पाहून घ्यावे, म्हणजे त्यात जनावराची चरबी नाही एवढे तरी नक्की. परदेशी पाकिटावर असे चिन्ह नसते. तिथे 'लार्ड' हा शब्द दिसला की डुकराची चरबी समजावी. ४७१ क्रमांकाचा घटक वनस्पतीचाही असतो आणि जनावराचाही, विचारल्याशिवाय कळत नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही सांगतो, जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात खाद्यतेल-चरबीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सुटे, बिननावाचे मार्जरीन घेणाऱ्याला ह्या कायद्याचा काय फायदा?

आता कटाई. इथे माझा अनुभव कामाला आला. पीठ तीन मिलीमीटर जाड लाटून, कडा सरळ करून, ४० सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन काढावा. ओटा लहान असेल तर दोन भागांत. त्याच्या आठ सेंटीमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या होतात, चिंधी जवळजवळ नाही. प्रत्येक पट्टीवर मधोमध बोटाएवढी, दोन सेंटीमीटर जाडीची खिम्याची लांब वळी ठेवावी. एका कडेला अंडे लावून गुंडाळावे, जोड खाली ठेवावा. थोडा वेळ फ्रिजमध्ये कडक करून पाच-पाच सेंटीमीटरचे तुकडे धारदार सुरीने कापावे. पट्टीला आठ, एकूण चाळीस. वरून फेटलेले अंडे लावावे, पण कापलेल्या बाजूंना लावू नये. अंड्याने थर चिकटतात आणि फुलत नाहीत. प्रत्येकावर सुरीची एक छोटी चीर द्यावी.

ओव्हन २०० अंशाला पंधरा मिनिटे आधी तापवून, वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. पहिली पंधरा मिनिटे दार उघडू नये. आतला खिमा ७४ अंशाला पोचला पाहिजे. विक्री करणाराने काटा असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावाच, अंदाजावर कोंबडी विकू नये. ओव्हन नसेल त्यांनी नानकटाईसारखे ट्रे मोहल्ल्यातल्या बेकरीत न्यावेत. पाव निघून भट्टी थोडी उतरली की भट्टीवाले चाचा लावून देतात. ट्रे वरून झाकून न्यावा आणि उन्हात रेंगाळू नये.

हिशेबाची चूक आमच्याकडे अशी झाली की सूनबाईने फक्त खिमा, मैदा आणि लोणी धरले. सर्वात मोठा खर्च बहुधा लोण्याचा किंवा खिम्याचा. दोन्हींचा आजचा भाव लावून चाळीसाने भागा. मग वीज. दीड हजार वॉटचा ओव्हन दोन ट्रेना मिळून तासभर चालतो, म्हणजे दीड युनिट. अंडे, डबा, रिक्षा. आणि बाईचे अडीच तास. हे अडीच तास कोणी धरत नाही. मागावर कारागिराची मजुरी न धरता कापडाचा भाव काढणारा शेठ मी अजून पाहिला नाही, मग घरातल्या बाईची मजुरी फुकट का? कच्चा नग तीस ग्रॅमचा असतो, भाजून पंचवीसच्या आसपास भरतो. त्यामुळे वजनावर विकू नका, नगावर विका. दुकानदाराला द्यायचे तर त्याचे कमिशन आधी ठरवा आणि उधारी आठवड्यापलीकडे नेऊ नका. खाण्याच्या मालात उधारी बुडाली तर परत आणायला मालही उरत नाही.

घरातून विकायचे असले तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयची नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. पाकीटबंद मालावर मांसाहाराचे तपकिरी चिन्ह, घटक आणि तारीख लिहावी लागते.

रमजानसाठी शाबानमध्येच कच्चे तुकडे करून उणे १८ अंशाला ठेवता येतात, महिनाभर चांगले राहतात. ते वितळू न देता थेट ओव्हनमध्ये घालावेत, पाच-सात मिनिटे जास्त द्यावीत. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नयेत. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर एवढा साठा करूच नये. भाजलेला माल बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम असताना डब्याचे झाकण लावले तर वाफेने थर बसतात, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून द्यावे. ह्या रमजानमध्ये सूनबाईने खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली : खिमा कोणत्या कसायाचा, लोणी कोणते, आवरण नाही. ते बुजुर्ग आमच्याच गल्लीत राहतात. सत्ताविसाव्या रोज्याला त्यांच्या घरून साठ नगांची ऑर्डर आली. पैसे रोख दिले.